न दुखणारा मुतखडा

मुतखडा म्हटलं की आठवते ती कळ, माणसाला गडाबडा लोळायला लावणारी. पण मज्जारज्जूला इजा झालेल्यांना ती बऱ्याचदा जाणवतच नाही. मी सॉफ्टवेअरवाला, म्हणून माझ्या भाषेत सांगतो: सर्व्हर बसतोय, अलर्ट मात्र येत नाही.

पहिल्या महायुद्धात असे जखमी सैनिक बहुतेक वाचत नसत. जीव घ्यायचे ते बेडसोर आणि लघवीचं इन्फेक्शन. पडून राहिल्याने हाडांतलं कॅल्शियम लघवीत उतरतं, मूत्राशयात लघवी साचते, त्यात जंतू वाढतात. मग खडे होतात आणि किडनीवर येतं.

१९४४ साली इंग्लंडच्या स्टोक मँडव्हिल हॉस्पिटलमध्ये लुडविग गटमन यांनी खास वॉर्ड सुरू केला. हे नाझी जर्मनीतून निसटलेले ज्यू डॉक्टर. कायमची नळी ठेवण्यापेक्षा ठरावीक वेळाने निर्जंतुक नळी घालून मूत्राशय रिकामं करायचं, यावर त्यांचा भर होता. १९४७ मध्ये त्यांनी आणि व्हिटरिज यांनी दाखवलं की इजा मणक्यात बरीच वर असेल, तर मूत्राशय तुंबल्यावर बीपी एकदम चढतं. म्हणजे अलर्ट येतो, फक्त वेगळ्या वाटेने!

१९७२ मध्ये अमेरिकेत जॅक लॅपिडीस यांनी सांगितलं की नळी निर्जंतुक नसली, नुसती स्वच्छ असली तरी चालते. मग हे काम रुग्णाला घरी स्वतः करता येऊ लागलं. १९८० मध्ये म्युनिकला शॉकवेव्हने खडे फोडणं सुरू झालं. पण लघवी साचत राहिली, तर खडा परत होतोच.

म्हणून घरात कुणी व्हीलचेअरवर असेल आणि अचानक डोकं ठणकलं, घाम फुटला, तर "दुखत नाहीये ना?" म्हणत थांबू नका. लगेच डॉक्टर गाठा.