निओबीचे मुद्राचित्र

अठराव्या शतकातील युरोपीय कलाशास्त्राने चित्रप्रकारांची जी श्रेणी लावून दिली होती, तीत पुराणेतिहासातील प्रसंगाच्या चित्राला अग्रपूजेचा मान असे आणि नुसते डोंगर, वृक्ष व जलाशय रंगविणाऱ्याची गणना बरीच खाली होई. निसर्गचित्राला प्रतिष्ठेची सनद हवी असेल, तर ती बहुधा ग्रीक-रोमन पुराणांच्या दफ्तरातूनच मिळवावी लागे. रिचर्ड विल्सन या वेल्श चित्रकाराच्या चित्रावरून विल्यम वुलेटने तांब्यावर कोरलेले आणि जॉन बॉयडेलने १७६१ साली लंडनमध्ये प्रसिद्ध केलेले निओबीच्या अपत्यांच्या संहाराचे मुद्राचित्र हे त्याचे उत्तम उदाहरण होय.

कथा ओव्हिडने सांगितलेली. चौदा अपत्यांच्या अभिमानाने उन्मत्त झालेल्या निओबी राणीने, दोनच अपत्ये असलेल्या लॅटोना देवीचा उपमर्द केला. तेव्हा त्या दोघांनी, म्हणजे अपोलो आणि डायना यांनी, तिचे संतान बाणांनी निर्दाळले आणि शोकाने राणीची शिळा झाली. विल्सनने माणसे लहान ठेवून या कथेचा भार निसर्गावरच सोपविला आहे: मेघावर गुडघा टेकून धनुष्य ओढणाऱ्या अपोलोचा कोप वादळाच्या रूपाने भूमीवर उतरतो, वाऱ्याने पिळवटलेले वृक्ष राणीचा दर्पभंग सांगतात आणि सभोवारचे कडे तिच्या पाषाणत्वाची आधीच सूचना देतात.

रंगांवाचून हा रौद्ररस उभा करताना वुलेटने प्रथम तेजाबाने पत्र्यावर रेषा खाऊन घेतल्या आणि मग कोरणीने त्यांना धार दिली. त्यामुळे खडक, पालवी आणि मेघ यांचे पोत वेगवेगळे उमटले. या कामाबद्दल बॉयडेलने त्याला सुमारे १०० पौंड दिले, आणि तेव्हाच्या दराने ही रक्कम अवाढव्य होती. तोवर इंग्रज दुकानदार फ्रान्समधून मुद्राचित्रे रोख मोजून आणीत. या चित्राच्या प्रती मात्र फ्रेंच व्यापाऱ्यांनी मालाच्या मोबदल्यात स्वीकारल्या.

विल्सनच्या मृत्यूनंतर सहा वर्षांनी, १७८८ साली, रॉयल अकॅडमीचा अध्यक्ष जोशुआ रेनॉल्ड्स याने व्याख्यानात या चित्रावर ठपका ठेवला, की असा ओळखीचा, वास्तवाजवळचा निसर्ग देवांच्या संचाराला साजत नाही. दोष म्हणून दाखविलेली ही गोष्ट वस्तुतः संक्रमणाचा दाखला होती. पुराणकथा वाहण्यासाठी घडविलेला निसर्ग एव्हाना स्वतःच्या बळावर बोलू लागला होता, आणि पुढल्या पिढीतील कॉन्स्टेबलने नदीकाठची गिरणी किंवा गवताची गाडी रंगविताना कोणत्याही देवतेची शिफारस मागितली नाही.