हिरव्या कुरणातली उपासमार

मराठीत जिला वजडी म्हणतात, तिला उर्दूत ओझडी म्हणतात. दोन्ही शब्द शेजारी ठेवले की ते एकाच घरातले वाटतात. मी उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषा शिकवतो, त्यामुळे माझे कुतूहल आधी शब्दाकडे गेले आणि नंतर त्या वस्तूकडे. खाटकाच्या दुकानात खरखरीत टॉवेलसारखी दिसणारी ही वजडी म्हणजे रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटाची भिंत. तिच्या आत काय चालते हे वाचत गेलो आणि एका इतिहासापाशी येऊन थांबलो. तो इतिहास आज सांगतो.

गाय-बैलाच्या पोटाला चार कप्पे असतात. त्यातला सर्वांत मोठा कप्पा म्हणजे कोठीपोट. मोठ्या जनावराच्या कोठीपोटात शंभर लिटरहून अधिक माल मावतो. तिथे अब्जावधी सूक्ष्मजीव राहतात. गवतातला चिवट तंतू फोडण्याची ताकद जनावराच्या स्वतःच्या पाचकरसात नसते, ती या सूक्ष्मजीवांत असते. ते गवत आंबवतात, त्यातून आम्ले तयार होतात आणि जनावराला बहुतेक ऊर्जा त्या आम्लांतून मिळते. म्हणजे गाय गवत तोंडाने खात असली तरी आधी ती पोटातल्या पाहुण्यांना जेवू घालते आणि मग त्यांनी रांधलेले स्वतः खाते.

आता न्यूझीलंडला जाऊ. तिथल्या उत्तर बेटाच्या मध्यभागी ज्वालामुखीची राख आणि हलका सच्छिद्र दगड यांनी बनलेला मोठा प्रदेश आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वसाहतवाल्यांनी तिथले जंगल तोडून कुरणे केली. गवत छान उगवले. पण त्यावर सोडलेली गुरे काही महिन्यांत खंगू लागली. आधी भूक जायची, मग अंगावरची चरबी आणि मांस उतरायचे, रक्त फिके पडायचे आणि शेवटी गुडघाभर गवतात उभे असलेले जनावर उपाशी मरायचे. या रोगाला लोक ‘बुश सिकनेस’ म्हणजे जंगलातला आजार म्हणत.

शेतकऱ्यांनी दोन गोष्टी हेरल्या होत्या. आजारी जनावर दुसऱ्या, ‘निरोगी’ जमिनीवर नेले की ते सुधारायचे. म्हणजे हा संसर्ग नव्हता, दोष जमिनीत होता. आणि त्याच जमिनीवर घोडे मात्र ठणठणीत राहायचे. ही दुसरी गोष्ट फार मोलाची होती. घोडाही गवतच खातो, पण तो रवंथ करत नाही, त्याला कोठीपोट नसते. उत्तराचा धागा तिथेच लोंबकळत होता.

न्यूझीलंडच्या कृषी खात्यातले रसायनशास्त्रज्ञ बर्नार्ड अ‍ॅस्टन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून या रोगाचा पाठपुरावा केला. जनावरांचे रक्त फिके पडते, म्हणजे लोह कमी पडत असणार, असा त्यांचा तर्क होता. तर्क अगदी शहाण्या माणसाचा होता. त्यांनी लोहाचे क्षार देऊन पाहिले, लिमोनाइट नावाचे लोहखनिज देऊन पाहिले आणि जनावरे सुधारली. कारण कळले, औषध सापडले, विषय मिटला, असेच कोणालाही वाटले असते. पुढे दोन दशकांहून अधिक काळ लोहाच्या अभावाचे हे स्पष्टीकरण टिकले.

ते मोडले ऑस्ट्रेलियात. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण किनाऱ्यावर डेन्मार्क नावाचे गाव आहे. युरोपातल्या देशाशी त्याचा संबंध फक्त नावापुरता. पहिल्या महायुद्धानंतर, 1920च्या दशकात, सरकारी योजनेतून ब्रिटनहून आलेली कुटुंबे या भागात वसवली गेली. प्रचंड झाडे तोडून त्यांनी गोठे उभे केले आणि त्यांच्याही गाई तशाच खंगू लागल्या. गाय गेली की दूध गेले आणि कर्ज तेवढे मागे राहिले. अनेक कुटुंबे जमीन सोडून निघून गेली.

तिथे जे. एफ. फिल्मर हे पशुवैद्य आणि एरिक अंडरवुड हे पोषणशास्त्रज्ञ कामाला लागले. त्यांच्याही हाती लिमोनाइट होते आणि त्याने गुण येतच होता. पण त्यांना तीन गोष्टी खटकल्या. गुण येण्यासाठी लोहाची जेवढी गरज असायला हवी, त्याच्या कितीतरी पट लिमोनाइट द्यावे लागत होते. एका खाणीचे लिमोनाइट लागू पडायचे, दुसऱ्या खाणीचे नाही, आणि त्यातल्या लोहाच्या प्रमाणाशी याचा मेळ बसत नव्हता. तिसरी गोष्ट तर सरळच उलटी होती. मेलेल्या जनावरांच्या यकृतात लोह कमी नव्हते, उलट जास्त साठलेले होते.

मग त्यांनी एक साधी गोष्ट केली. लिमोनाइटमधून लोह काढून टाकले आणि उरलेला अर्क आजारी जनावरांना दिला. जनावरे बरी झाली! मग त्या अर्काचे रासायनिक भाग पाडत, एकेक भाग देऊन पाहत ते 1935 मध्ये एका धातूपर्यंत पोहोचले. तो धातू कोबाल्ट. त्याच सुमारास अ‍ॅडलेडमध्ये हेडली मार्स्टन आणि लाइन्स हे शास्त्रज्ञ मेंढ्यांच्या अशाच रोगावर काम करताना स्वतंत्रपणे तिथेच पोहोचले. मेंढीला रोज एक मिलिग्रॅम कोबाल्ट पुरत होते. चाऱ्यातली गरजही एवढीशीच: दहा किलो सुक्या चाऱ्यात साधारण एक मिलिग्रॅम.

कोबाल्ट माणसाला अनोळखी नव्हता. इराणात काशानजवळच्या कमसर गावच्या खनिजापासून कुंभार निळा रंग करत. अबुल कासिम काशानी यांनी 1301 मध्ये लिहिलेल्या ग्रंथात त्याची नोंद आहे. इराणी कोबाल्ट चीनमध्ये गेला आणि तिथल्या निळ्या-पांढऱ्या भांड्यांवर चढला. जर्मन खाणकामगारांना मात्र या खनिजाने विषबाधा होई, म्हणून त्यांनी त्याला ‘कोबोल्ड’ या खोडकर भुताचे नाव दिले. मशिदींच्या भिंतींवर शतकानुशतके चमकणारा हा रंग गाईच्या पोटातही लागतो, हे कोणाच्या स्वप्नातही नव्हते.

पण तो लागतो कशाला? इथे आणखी एक कोडे होते. कोबाल्ट तोंडावाटे दिला तर जनावर बरे व्हायचे, रक्तात टोचला तर फारसा उपयोग व्हायचा नाही. उलगडा माणसाच्या दवाखान्यातून झाला. एका जीवघेण्या पांडुरोगावर यकृत खाऊ घालण्याचा उपाय 1926 पासून माहीत होता. त्या यकृतातले गुणकारी द्रव्य 1948 मध्ये अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये वेगळे झाले. लाल स्फटिकांच्या त्या द्रव्याचे नाव बी-12 जीवनसत्त्व, आणि त्याच्या रेणूच्या मध्यभागी कोबाल्टचा एक अणू. डोरोथी हॉजकिन यांनी 1956 मध्ये त्याची संपूर्ण रचना उलगडून दाखवली. 1964 चे नोबेल त्यांना ज्या कामासाठी मिळाले, त्यात हेही होते.

आता सगळे जुळले. बी-12 ना गाय बनवू शकते ना गवत. ते कोठीपोटातले सूक्ष्मजीव बनवतात आणि त्यासाठी त्यांना कोबाल्ट लागतो. म्हणून तो तोंडावाटेच जायला हवा. सूक्ष्मजीवांनी केलेल्या आम्लांपैकी एकापासून, प्रोपिओनिक आम्लापासून, गाईचे यकृत साखर बनवते, आणि त्या कामाला बी-12 हवे. ते नसेल तर ते आम्ल वापरलेच जात नाही आणि भूक मरते. कोबाल्टची कमतरता असलेल्या मेंढ्या नुसत्या बी-12च्या इंजेक्शनने सुधारतात, हे 1951 मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात दिसले.

न्यूझीलंडमध्ये सुपरफॉस्फेट खतात किंचित कोबाल्ट मिसळून शेतात टाकू लागले आणि टाकाऊ ठरलेला प्रदेश गुरांचा मुलूख झाला. ऑस्ट्रेलियात मार्स्टन यांच्या गटाने 1958 मध्ये कोबाल्टची जड गोळी काढली. ती जनावराच्या पोटात तळाशी बसून राहते आणि कित्येक महिने हळूहळू झिजते. आपल्याकडे गोठ्यात टांगलेली चाटण वीट किंवा खनिज मिश्रणाची पिशवी दिसते, तिच्या यादीत खाली कुठेतरी कोबाल्ट असतो. शाकाहारी माणसाला दुधातून मिळणारे बी-12ही याच पोटातून आलेले असते.

हा इतिहास मी वर्गात सांगतो तेव्हा मुले हमखास विचारतात: सर, मग लोह दिल्याने जनावरे बरी कशी झाली? उत्तर सोपे आहे. त्या लोहखनिजात भेसळ म्हणून कोबाल्ट होता. औषध खरे होते, कारण खोटे होते. एखादा उपाय लागू पडला की त्यामागचे आपले स्पष्टीकरणही सिद्ध झाले, असे आपण धरून चालतो. घरात, शाळेत, राजकारणात, धर्मातही. अ‍ॅस्टन यांना मी दोष देणार नाही, त्यांच्या खनिजाने जनावरे वाचवली. पण गुण येत असतानाही त्यातले लोह काढून पाहणारे दोघे निघाले, म्हणून बाकीची वाचली.