आधी टीप, मग व्याकरण : पायथॉनमधील दोन चिन्हांचा इतिहास

मुंबईतील पवई येथील आयआयटीचे प्राध्यापक प्रभू रामचंद्रन आणि आदित्य भोसले यांनी २०२० साली सायपाय परिषदेत ‘कॉम्पाइल’ या पायथॉन संचावर निबंध सादर केला. संशोधकाने गणनेचे फंक्शन साध्या पायथॉनमध्ये लिहावे आणि त्याच्या वरच्या ओळीत @ या चिन्हापुढे आर्ग्युमेंटांचे प्रकार नोंदवावेत. तेवढ्या माहितीवरून हा संच त्याच फंक्शनचे रूपांतर अनेक गाभ्यांच्या प्रोसेसरसाठी किंवा जीपीयूसाठी करतो. वाचणाऱ्याला ती ओळ टीप वाटते. यंत्रासाठी ती आज्ञा असते.

या ओळीला ‘डेकोरेटर’ म्हणतात. डिसेंबर २००१ च्या पायथॉन २.२ मध्ये ‘क्लासमेथड’ आणि ‘स्टॅटिकमेथड’ आले, पण तेव्हा डेकोरेटरची सोय नव्हती. फंक्शन पूर्ण लिहून झाल्यावर खाली वेगळ्या ओळीत त्याचा प्रकार सांगावा लागे आणि त्यासाठी फंक्शनचे नाव एकूण तीनदा लिहावे लागे. फंक्शन लांबलचक असेल, तर सुरुवातीलाच हवी असलेली माहिती वाचकाला शेवटी मिळे.

जून २००३ मध्ये ‘पेप ३१८’ हा प्रस्ताव मांडला गेला. सोय हवी, यावर बहुतेकांचे एकमत होते. वाद होता तो तिच्या रूपाचा. चौकटी कंस, नवा शब्द, @ चिन्ह असे अनेक पर्याय पुढे आले. ऑगस्ट २००४ मध्ये भाषेचे जनक खिडो व्हान रॉसम यांनी @ निवडले. त्यावर नाराज असलेल्यांनी एकत्र येऊन पर्यायी रूप सुचवले. तेही त्यांनी नाकारले. ३० नोव्हेंबर २००४ रोजी पायथॉन २.४ प्रसिद्ध झाले आणि @ व्याकरणात स्थिरावले.

मात्र नव्या सोयीने एक नवी अडचण आणली. डेकोरेटर बहुधा मूळ फंक्शनवर दुसऱ्या फंक्शनचे वेष्टन चढवतो. कोणतीही आर्ग्युमेंटे स्वीकारता यावीत म्हणून त्या वेष्टनात एक तारा आणि दोन तारे, म्हणजे * आणि **, वापरले जातात. परिणामी मदत मागितली, की मूळ नाव आणि वर्णन यांऐवजी वेष्टनाचीच माहिती समोर येई. २००६ च्या पायथॉन २.५ मधील ‘फंकटूल्स’च्या ‘रॅप्स’ने नाव आणि वर्णन परत मिळवून दिले. खरी आर्ग्युमेंट-यादी वेष्टनाआडून वाचण्याची प्रमाणित सोय यायला २०१२ चे पायथॉन ३.३ उजाडले.

तिरप्या रेषेचा प्रवास याच्या उलट झाला. सी भाषेत लिहिलेली ‘लेन’सारखी अंगभूत फंक्शने आर्ग्युमेंट केवळ स्थानावरून ओळखतात, नाव देऊन पाठवले, तर त्रुटी येते. पायथॉनमध्ये लिहिलेल्या फंक्शनला असा नियम सांगण्याची थेट सोय नव्हती, आणि दस्तऐवजांतही त्यासाठी खूण नव्हती. २०१२ मध्ये व्हान रॉसम यांनी / हे चिन्ह सुचवले. पुढल्या वर्षी लॅरी हेस्टिंग्ज यांनी ‘पेप ४५७’मध्ये त्याचे नियम मांडले. मग अंगभूत फंक्शनांच्या मदत-मजकुरात हे चिन्ह दिसू लागले. मात्र वाचकाने तेच आपल्या फंक्शनमध्ये लिहिले, तर पायथॉन ते अमान्य करी. ‘पेप ५७०’ मान्य झाल्यावर, १४ ऑक्टोबर २०१९ च्या पायथॉन ३.८ मध्ये, वाचकांसाठी केलेली खूण अखेर व्याकरण झाली. या प्रस्तावाच्या लेखकांपैकी पाब्लो गालिंदो साल्गादो यांनी पूर्वी कृष्णविवरांच्या भौतिकीवर काम केले होते.

तिरप्या रेषेचा अर्थ एक करार आहे : तिच्या डावीकडील आर्ग्युमेंटांची नावे वापरणाऱ्याने गृहीत धरू नयेत, म्हणजे लेखकाला ती पुढे निर्धास्तपणे बदलता येतील. वैज्ञानिक संगणनात हा करार महत्त्वाचा ठरतो, कारण एकाने लिहिलेला कोड वर्षानुवर्षे इतर प्रयोगशाळांत चालत राहतो. मूळ लेखक उपलब्ध नसताना नव्या विद्यार्थ्याच्या हाती फंक्शनची पहिली ओळ आणि तिच्यावरची @ ची ओळ एवढीच येते. त्या दोन ओळी खऱ्या असतील, तर जुना निष्कर्ष पुन्हा पडताळून पाहण्याचे काम त्याला तिथूनच सुरू करता येते.