पादचारी अपघातग्रस्तांना कायद्याची मदत (बरकतपुरा, हैदराबाद)

पादचारी अपघातग्रस्तांना कायद्याची मदत : रस्त्याने पायी जाताना वाहनाची धडक बसून जखमी झालेल्या व्यक्तीला उपचार, नुकसानभरपाई आणि वकील मिळवून देणारी भारतीय कायद्यातील व्यवस्था. तिचा मुख्य आधार मोटार वाहन कायदा, १९८८ हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीने त्यातली भरपाईची कलमे बरीच बदलली आणि ती १ एप्रिल २०२२ पासून अंमलात आली. वकिलाच्या मदतीसाठी विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ आहे. प्रस्तुत नोंदीत ही व्यवस्था हैदराबादच्या बरकतपुरा भागातून पाहिली आहे.

बरकतपुरा हा भाग काचीगुडा, नारायणगुडा आणि नल्लाकुंटा यांच्या मधोमध येतो. बरकतपुरा चमनजवळ भविष्यनिर्वाह निधीचे कार्यालय असल्याने निवृत्तिवेतनधारकांची इथे कायम ये-जा असते. परिवहन महामंडळाचा बस डेपो याच भागात आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये नारायणगुड्याचे मेट्रो स्थानक सुरू झाले. तिथे उतरलेला माणूस पुढचा रस्ता पायीच तुडवतो. मराठी माणसालाही हा परिसर परका नाही. नांदेड, परभणी, अकोल्याकडून येणाऱ्या काही गाड्या काचीगुड्याला येतात आणि हैदराबाद उच्च न्यायालयाचे न्यायाधीश राहिलेले केशवराव कोरटकर यांच्या स्मरणार्थ उभी राहिलेली शाळा नारायणगुड्यात आहे. नातेवाइकाकडे किंवा दवाखान्यात आलेल्या मराठवाड्यातल्या माणसाला इथे गाडीने उडवले, तर पुढची धावपळ कुठे करायची, हा प्रश्न म्हणूनच खराखुरा आहे.

देशाच्या रस्त्यांवर २०२२ साली १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतली ३२,८२५ पायी चालणारी होती. पादचाऱ्याकडे ना विमा असतो ना हेल्मेट, आणि धडक देणारा बहुधा त्याच्यापेक्षा वेगाने निघून जाऊ शकतो. कायदा मात्र, समज आहे त्याच्या उलट, पादचाऱ्याच्या बाजूला बराच झुकलेला आहे. दावे पडतात ते कायद्यापायी कमी आणि पहिल्या दोन दिवसांतल्या कागदांपायी जास्त.

उपचार. जखमीला दवाखान्यात पोहोचवणे ही चालकाची कायदेशीर जबाबदारी आहे (कलम १३४). जमाव हात उगारण्याच्या बेतात असेल तेवढीच सवलत त्याला मिळते. उचलून नेणाऱ्या तिऱ्हाइताला पोलीस किंवा दवाखाना अडकवून ठेवू शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने यासंबंधीच्या मार्गदर्शक सूचना मार्च २०१६ मध्ये बंधनकारक केल्या आणि पुढे कलम १३४-अ आले. मे २०२५ मध्ये केंद्राने रोकडरहित उपचारांची योजना अधिसूचित केली. तिच्यानुसार नेमलेल्या रुग्णालयात अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचा उपचार जखमीला खिशात हात न घालता मिळायला हवा. ११२ वर फोन केल्यास नेमलेले रुग्णालय कळते.

इथेच पहिली ठेच लागते. अपघात विभागातला डॉक्टर विचारतो, "काय झालं?" आणि पोलिसांचे लचांड नको म्हणून घरचे माणूस सांगते, "पाय घसरून पडले." हे वाक्य केसपेपरवर चढते. आठ दिवसांनी खर्चाचा आकडा दिसला की घरचे पोलीस ठाणे गाठतात आणि वर्षभराने विमा कंपनीचा वकील तोच केसपेपर न्यायाधिकरणापुढे ठेवतो : अपघात झालाच नाही, माणूस घरात पडला. त्यामुळे दाखल करताना 'रस्ता अपघात' असे स्पष्ट सांगून एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवावयाची वैद्यकीय नोंद, करून घेणे आणि तिचा क्रमांक टिपून ठेवणे याला पर्याय नाही. त्यावर वाहनाचा क्रमांक किंवा निदान प्रकार (ऑटो, दुचाकी, सिटी बस) लिहिला गेला तर उत्तमच.

पोलीस. फिर्याद घटनास्थळ ज्या ठाण्याच्या हद्दीत येते तिथे नोंदवली जाते. हद्दीचा वाद असेल तर कोणत्याही ठाण्याने शून्य क्रमांकाने ती घेतली पाहिजे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. बेदरकार वाहन चालवणे हे कलम २८१, दुखापत कलम १२५ आणि मृत्यू कलम १०६ खाली येतो. कलम १०६ च्या दुसऱ्या पोटकलमात पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत कैद सांगितली होती. जानेवारी २०२४ च्या आरंभी ट्रकचालकांनी त्याविरुद्ध संप केला आणि हैदराबादच्या पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. ते पोटकलम बाजूला ठेवून बाकीची संहिता लागू झाली.

भरपाईच्या दृष्टीने शिक्षेपेक्षा तपासाचे कागद मोलाचे. २०२२ च्या केंद्रीय नियमांनुसार तपास अधिकाऱ्याने अपघाताचा प्राथमिक अहवाल ४८ तासांत, अंतरिम अहवाल ५० दिवसांत आणि तपशीलवार अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाला द्यायचा असतो. जखमीला त्याचे हक्क सांगणारा छापील नमुना दहा दिवसांत हातात द्यायचा असतो. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या वेळापत्रकाचे पालन करण्याचे आदेश दिले. हा नमुना कुणी आपणहून आणून देईल या भरवशावर राहू नये. ठाण्यात जाऊन मागावा.

रस्त्यावर किंवा ठाण्याच्या पायरीवर होणारी तडजोड हा या सगळ्या व्यवस्थेचा सर्वांत मोठा शत्रू आहे. दुचाकीवाला पाच-दहा हजार काढून देतो, 'तक्रार नाही' असे लिहून घेतो आणि सुटतो. गुडघ्याचा एक्स-रे साधा दिसतो; त्याचा अस्थिबंध तुटल्याचे एमआरआयनंतर कळते, तेव्हा गाडीचा क्रमांकही आठवत नाही.

वाहन सापडलेच नाही तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १६१ ची योजना आहे. गंभीर जखमीला ५०,००० आणि मृताच्या वारसांना २ लाख रुपये मिळतात. मार्च २०२२ पर्यंत हे आकडे १२,५०० आणि २५,००० होते. अर्ज महसूल खात्याच्या चौकशी अधिकाऱ्याकडे करायचा असतो, मंजुरी जिल्हाधिकारी देतात आणि पैसे विमा कंपन्यांच्या परिषदेमार्फत येतात. योजना चांगली, पण तिची माहिती ठाण्यात फार कमी लोकांना दिली जाते. वाहन नंतर सापडून मोठी भरपाई मिळाली, तर ही रक्कम परत जाते.

न्यायाधिकरण. वाहन माहीत असेल तर दावा मोटार अपघात दावे न्यायाधिकरणात चालतो. ही न्यायाधिकरणे १९५६ च्या दुरुस्तीने जुन्या १९३९ च्या कायद्यात आली. हैदराबादेत शहर दिवाणी न्यायालय आणि शहर लघुवाद न्यायालय यांचे न्यायाधीश हे काम पाहतात. कलम १६६(२) मात्र दावेदाराला निवड देते : अपघाताच्या जागी, स्वतः राहतो किंवा धंदा करतो तिथे, किंवा सामनेवाला राहतो तिथे. म्हणजे बरकतपुऱ्यात जखमी झालेली नांदेडची बाई नांदेडच्या न्यायाधिकरणात दावा लावू शकते, हैदराबादला खेटे घालायची तिला गरज नाही. विमा कंपनीची शाखा जिथे आहे तिथला दावाही २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ग्राह्य धरला. मात्र तेलुगू कागदांचे भाषांतर आणि साक्षीला हैदराबादचा डॉक्टर आणणे हा खर्च नांदेडला दावा लावणाऱ्याने आधीच हिशेबात धरावा.

मुदत हा वादाचा मुद्दा आहे. १ एप्रिल २०२२ पासून अपघातानंतर सहा महिन्यांत दावा लावण्याची अट परत आली. ती आव्हानाखाली असल्याने, केवळ मुदतीच्या कारणावरून दावे फेटाळू नयेत असा अंतरिम आदेश सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिला. अंतरिम आदेशावर विसंबून सातवा महिना उजाडू देणे शहाणपणाचे नाही.

दाव्याच्या दोन वाटा आहेत. कलम १६४ खाली चूक कोणाची हे सिद्ध न करता गंभीर जखमीला अडीच लाख आणि मृताच्या वारसांना ५ लाख मिळतात. ही रक्कम स्वीकारली की कलम १६६ चा दावा संपतो, त्यामुळे पाय गमावलेल्या कमावत्या माणसाने घाईने ती घेणे म्हणजे पुढचे बरेच काही सोडून देणे. कलम १६६ खाली चालकाची हयगय दाखवावी लागते, पण फौजदारी खटल्याइतक्या कडक पुराव्याने नव्हे. शक्यता कोणत्या बाजूला जास्त झुकते एवढेच पाहिले जाते. चालक फौजदारी न्यायालयातून सुटला तरी दावा आपोआप पडत नाही. 'झेब्रा क्रॉसिंग सोडून मध्येच आला' हा विमा कंपनीचा ठरलेला बचाव. तो मान्य झाला तरी भरपाई सहसा टक्केवारीने कमी होते, नाहीशी होत नाही. आणि जिथे पट्टे पुसलेले व फुटपाथ दुकानांनी व्यापलेला, तिथे त्या जागेची छायाचित्रे या बचावाला उत्तर देतात. घटनेनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मोबाइलवर काढलेली चार छायाचित्रे इथे कामाला येतात.

हिशेब. कायमच्या अपंगत्वाचे गणित वकिलांच्या बोलण्यात 'सरला वर्माचा तक्ता' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या २००९ च्या निकालातील गुणकांवर चालते : २५ वर्षांपर्यंत १८, ३६ ते ४० ला १५, ६५ च्या पुढे ५. भावी उत्पन्नवाढीची टक्केवारी २०१७ च्या प्रणय सेठी निकालाने ठरवली. उदाहरणार्थ, ३६ वर्षांची शिवणकाम करणारी स्त्री, महिना १२,००० रुपये कमाई, काम करण्याच्या क्षमतेत २० टक्के घट. चाळिशीच्या आतल्या स्वयंरोजगारींना ४० टक्के वाढ धरतात, म्हणजे महिना १६,८००, वर्षाला २,०१,६००. त्याला १५ ने गुणून ३०,२४,०००. त्याचे २० टक्के ६,०४,८०० रुपये. उपचार, वेदना, मदतनीस, प्रवास आणि बुडालेली रोजी यांची रक्कम वेगळी आणि त्या सगळ्यावर व्याज, बहुधा दसादशे ६ ते ९ टक्के.

वरच्या हिशेबातला 'काम करण्याच्या क्षमतेत' हा शब्द कळीचा आहे. डॉक्टरच्या दाखल्यावर उजव्या पायाचे ४० टक्के अपंगत्व असेल, तर बैठे काम करणाऱ्याचे नुकसान त्याहून कमी आणि रिक्षाचालकाचे कितीतरी जास्त ठरू शकते. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये हा फरक नीट मांडून दिला आणि दाखला देणाऱ्या डॉक्टरला साक्षीला बोलावण्याचे महत्त्वही सांगितले. भाजी विकणाऱ्याकडे पगारपत्रक नसते म्हणून उत्पन्न शून्य धरता येत नाही. गृहिणीच्या कामालाही पैशात मोल आहे, हे २००१ पासूनच्या निकालांत आले असून २०२१ मध्ये ते पुन्हा ठामपणे सांगितले गेले. निवृत्तिवेतनधारकाची गोष्ट वेगळी. पेन्शन अपघाताने बुडत नाही, गुणक ५ वर येतो, त्यामुळे चमनजवळ धडक बसलेल्या सत्तरीच्या गृहस्थांचा दावा उपचार, मदतनीस आणि वेदना यांवरच उभा राहतो. त्यांनी औषधाची प्रत्येक पावती जपली पाहिजे.

पैसे कोण देणार? वाहनाचा तृतीय पक्ष विमा सक्तीचा असल्याने बहुधा विमा कंपनी. चालकाकडे वैध परवाना नसेल तर कंपनीने आधी भरावे आणि मालकाकडून वसूल करावे, असा आदेश न्यायाधिकरण देऊ शकते. महामंडळाची बस असेल तर सामनेवाले महामंडळच. विमाच नसेल तर मालकाच्या मालमत्तेवर यावे लागते; रक्कम महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करता येते, पण मालक भाड्याच्या खोलीत राहणारा असेल तर हुकूमनामा कपाटातच पडून राहतो.

वकील. तेलंगणा राज्य विधी सेवा प्राधिकरणाचे न्याय सेवा सदन मुसी नदीपलीकडे पुरानी हवेलीत, शहर दिवाणी न्यायालयाच्या आवारात आहे. स्त्रिया, मुले, अपंग व्यक्ती, अनुसूचित जाती-जमातींचे लोक यांना उत्पन्न न पाहता आणि इतरांना ठरलेल्या उत्पन्नमर्यादेच्या आत मोफत वकील मिळतो. अपघाताने अपंगत्व आलेला पुरुषही त्यात येऊ शकतो, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. रुग्णालयाच्या दारात कार्ड वाटणारे दलाल भरपाईतला हिस्सा मागतात. टक्केवारीवर फी ठरवणे वकिलाला निषिद्ध आहे आणि यावरचा महत्त्वाचा निकाल तेलंगणातल्याच एका प्रकरणात आला आहे : पतीच्या अपघाती मृत्यूच्या भरपाईतून दहा लाख रुपये फी भरलेल्या एका विधवेकडून वकिलाने आणखी तीन लाखांचा धनादेश घेतला आणि तो न वटल्यावर खटला भरला. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो खटला रद्द केला आणि अशी फी सार्वजनिक धोरणाविरुद्ध व व्यावसायिक गैरवर्तन असल्याचे सांगितले.

लोक अदालतीत दावे लवकर मिटतात. तिथला निवाडा दिवाणी हुकूमनाम्याइतकाच पक्का आणि त्यावर अपील नाही, म्हणून उपचार संपण्यापूर्वी तिथे बसू नये. एरवी न्यायाधिकरणाच्या निवाड्यावर ९० दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येते. वादातली रक्कम एक लाखाखाली असेल तर नाही.

वाहनाचा संबंधच नसेल, पादचारी फुटक्या फुटपाथवरून किंवा उघड्या मॅनहोलमध्ये पडला असेल, तर न्यायाधिकरण उपयोगाचे नाही. महानगरपालिकेविरुद्ध दिवाणी दावा किंवा रिट याचिका करावी लागते. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अडथळामुक्त फुटपाथ हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्डे व उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास ६ लाख आणि जखमींना ५०,००० ते अडीच लाख रुपये देण्याचे आदेश दिले. तो निकाल तेलंगणावर बंधनकारक नाही, पण इथल्या याचिकेत त्याचा आधार घेता येतो.

निवाडा झाल्यावरही पैसे न्यायाधिकरणात पडून राहतात, कारण दावेदाराचा पत्ता बदललेला असतो, वकील संपर्कात नसतो, गावाकडे नोटीस पोहोचत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्वतःहून यात लक्ष घातले आणि २०२५ मध्ये आदेश दिले : भरपाई थेट बँक खात्यात जमा करावी आणि दाव्याच्या अर्जातच जखमीचे व वारसांचे पत्ते, आधार, पॅन व खात्याचा तपशील घ्यावा.