अवजड टूल ट्रॉलीची निवड : आधी वजन, मग पत्रा, शेवटी रंग

बेळगावातील उद्यमबाग व मच्छे औद्योगिक वसाहतींत जसे लेथ आणि मिलिंग यंत्रांचे स्थान, तसेच आता चाकांवर फिरणाऱ्या खणांच्या लोखंडी पेटीचे, म्हणजे टूल ट्रॉलीचे झाले आहे. बाजारातील बहुतेक ट्रॉल्या दिसायला सारख्याच असतात : झळाळता लाल वा निळा रंग, पाच ते सात खण, चार चाके आणि एक कुलूप. त्यांच्यातील फरक दुकानात दिसत नाही. तो वर्षभराने दिसतो, जेव्हा खण अर्ध्यावर अडकतात, चाके चपटी होतात किंवा भरलेली पेटी पुढे कलंडून कामगाराच्या पायावर येते. म्हणूनच या खरेदीची सुरुवात विक्रेत्याच्या माहितीपत्रकापासून न करता स्वतःच्या अवजारांच्या वजनापासून करणे श्रेयस्कर.

या परिसराला यंत्रकामाची परंपरा जुनी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलचे दुकान सुरू केले, पुढे लोखंडी नांगर घडविले आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडीची वसाहत उभी केली. आज बेळगावात ओतकाम, हायड्रॉलिक्स आणि सुट्या भागांचे यंत्रकाम एकमेकांच्या शेजारी चालते, तर निपाणीच्या बाजूला महामार्गावरील गॅरेज आणि ऊसवाहतुकीची वाहने दुरुस्त करणाऱ्या कार्यशाळा आहेत. या प्रत्येक कामाची गरज वेगळी असल्याने एकच ट्रॉली सर्वांना योग्य ठरत नाही.

वजनाचा हिशेब

अवजारे जमिनीवर मांडून साध्या वजनकाट्यावर तोलावीत. अंदाज बहुधा कमी निघतो. २०० मिलिमीटर व्यासाचा तीन जबड्यांचा लेथ चक एकटाच सुमारे १५ किलो भरतो. व्हीएमसी यंत्रावर वापरायचे बीटी-४० मापाचे २४ टूल होल्डर कोलेटसह ३० किलोच्या आसपास जातात. ड्रिल, टॅप, पाने, सॉकेट संच आणि वर बसविलेला व्हाइस धरला, तर मध्यम कार्यशाळेची सामग्री २०० किलोपर्यंत सहज पोहोचते.

त्यात पेटीचे स्वतःचे वजन मिळवावे. एक चौरस मीटर क्षेत्रफळाच्या आणि एक मिलिमीटर जाडीच्या पोलादी पत्र्याचे वजन सुमारे ७.८५ किलो असते. या प्रमाणाने सव्वा मिलिमीटरच्या जवळपास पत्र्याची सात खणांची पेटी, चाके व चॅनेल धरून, ६५ ते ७० किलो भरते. त्याच आकाराची ‘अवजड’ म्हणून विकली जाणारी पेटी दोघांनी सहज उचलली, तर पत्रा पातळ आहे असे समजावे.

चाके : भागाकार तीनने

एकूण भार २७० किलो असेल, तर प्रत्येक चाकावर चौथा हिस्सा येतो हा समज धोक्याचा आहे. कार्यशाळेची जमीन कधीच पूर्ण सपाट नसते. शहाबादी फरशीच्या सांध्यावर किंवा दाराच्या रुळावर पेटी येताच एक चाक अधांतरी होते आणि सर्व भार उरलेल्या तीन चाकांवर पडतो. म्हणून एकूण वजनाला तीनने भागावे. येथे उत्तर ९० किलो येते. धक्क्यांसाठी राखीव क्षमता हवी, तेव्हा किमान १२० किलो क्षमतेचे चाक निवडावे.

चाकाचा व्यास १२५ मिलिमीटरपेक्षा कमी नसावा. लहान चाक फरशीच्या खाचेत अडते. नायलॉनचे चाक हलके फिरते, पण आवाज करते आणि कडक असल्याने धक्के थेट पेटीत पोहोचविते. साधे रबर तेलाने फुगते व त्यात धातूचा कीस रुततो. तेल, कूलंट आणि कीस असलेल्या जमिनीवर दर्जेदार पॉलियुरेथेनचे चाक हा सामान्यतः उत्तम मध्यममार्ग ठरतो. तप्त कीस वा तुकडे पडत असतील तेथे मात्र ओतीव लोखंडाचे चाक घ्यावे. दोन चाके स्थिर आणि दोन फिरती असावीत. मूठ फिरत्या चाकांच्या बाजूला असावी. ब्रेक असा असावा की, तो चाकाचे फिरणे आणि वळणे दोन्ही रोखेल.

पत्रा आणि चॅनेल

गेजचा आकडा जसा वाढतो, तसा पत्रा पातळ होत जातो. भारतात प्रचलित मापाप्रमाणे १८ गेज म्हणजे सुमारे १.२२ मिलिमीटर, २० गेज म्हणजे ०.९१ आणि २२ गेज म्हणजे ०.७१ मिलिमीटर. त्यामुळे गेजऐवजी मिलिमीटरमध्ये लेखी माप मागावे. मोजतानाही एक सावधगिरी हवी. पावडर कोटिंगचा थर प्रत्येक बाजूस साधारण ६० ते ८० मायक्रॉन असतो. खणाच्या कडेवर मायक्रोमीटरने १.२ मिलिमीटर वाचन आले, तर त्यातील सुमारे ०.१५ मिलिमीटर केवळ रंग असू शकतो.

खण बॉलबेअरिंगच्या टेलिस्कोपिक चॅनेलवर पूर्ण बाहेर येणारे असावेत, अन्यथा मागची अवजारे चाचपडत शोधावी लागतात. फर्निचरसाठी वापरली जाणारी नेहमीची चॅनेल जोडी बहुधा ४५ किलोपर्यंतच्या भारासाठी असते. चक किंवा टूल होल्डर ठेवायच्या खणाला अधिक क्षमतेची वा दुहेरी जोडी लावावी. ओतकाम विभागाजवळ बारीक वाळू चॅनेलमध्ये शिरून गोळ्या अडकवते. अशा ठिकाणी खणांसमोर झाकणारे दार असलेली पेटी घ्यावी.

कलंडण्याचा धोका

हा भाग सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत गंभीर आहे. समजा, पेटीचे रिकामे वजन ७० किलो आहे आणि तिचा गुरुत्वमध्य पुढील चाकांच्या रेषेपासून १८ सेंटिमीटर मागे आहे. तिला सावरणारा जोर ७० गुणिले १८, म्हणजे १२६० एकक. आता ३० किलो भरलेला एक खण पूर्ण ओढला आणि त्यातील भाराचे केंद्र चाकांच्या रेषेपुढे २५ सेंटिमीटरवर आले, तर उलथविणारा जोर ७५० होतो. पेटी उभी राहते. तसाच दुसरा खण ओढताच तो १५०० होतो, आणि इतर खण रिकामे असतील तर पेटी पुढे कोसळते.

उपाय दोन आहेत. एका वेळी एकच खण उघडू देणारी आंतरिक अडसराची रचना असलेली पेटी घ्यावी आणि सर्वांत जड वस्तू नेहमी तळाच्या खणात ठेवाव्यात. पेटी हलविण्यापूर्वी सर्व खण कुलूपबंद करावेत. उतारावर तिला ओढत नेण्याचा मोह टाळावा.

आतील मांडणी आणि गंज

बेळगावजवळ हत्तरगी येथे एरोस्पेस विशेष आर्थिक क्षेत्र आहे. विमान उद्योगात हरवलेले अवजार ही केवळ गैरसोय नसते, ती सुरक्षिततेची बाब असते. म्हणून प्रत्येक अवजारासाठी फोममध्ये त्याच्याच आकाराची खाच कोरलेली असते. रिकामी खाच दुरूनही दिसते आणि पाळी संपताना मोजणी क्षणात होते. साध्या कार्यशाळेनेही ही शिस्त उचलावी. बंद पेशींचा फोम वापरावा. साधा स्पंज कूलंट शोषून अवजारे गंजवितो.

मायक्रोमीटर व व्हर्नियर वरच्या उथळ खणात, हातोड्यापासून दूर ठेवावेत. मायक्रोमीटरची दोन्ही तोंडे ठेवताना किंचित उघडी असावीत. बेळगावचा पावसाळा दीर्घ आणि दमट असतो, तर गोव्यात त्यात समुद्राच्या खाऱ्या हवेची भर पडते. त्यामुळे कोटिंगपूर्वी पत्र्यावर फॉस्फेट प्रक्रिया झाली आहे का, हे विचारावे. सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि त्या वेळोवेळी वाळवाव्यात.

निपाणीकडील वेगळी गरज

साखर हंगामापूर्वी निपाणी, संकेश्वर आणि चिकोडी परिसरात ट्रॅक्टर आणि ट्रेलर यांची दुरुस्ती जोरात चालते. बरेचसे काम मातीच्या आवारात होते. तेथे १२५ मिलिमीटरचे चाक रुतते. २०० मिलिमीटर व्यासाची रुंद किंवा हवेची चाके आणि मोजके खण असलेली बुटकी पेटी अधिक उपयोगी पडते. सात खणांची उंच पेटी आत, पक्क्या जमिनीवर ठेवावी आणि रोजची अवजारे लहान पेटीतून बाहेर न्यावीत.

तयार की घडविलेली?

पत्राकाम करणारे फॅब्रिकेटर बेळगावात सहज सापडतात. आपल्या अवजारांनुसार खणांची उंची ठरविता येणे आणि दुरुस्ती जवळच होणे, हे घडवून घेण्याचे मोठे फायदे. मात्र चाके आणि चॅनेल नामांकित उत्पादकाची, क्षमतेचे लेखी प्रमाण असलेली घेऊन फॅब्रिकेटरला द्यावीत. खण बंद स्थितीत अडवणारी कळ आणि एकाच वेळी एक खण उघडणारा अडसर मात्र हाताने बनविणे कठीण असते. जेथे वजन जास्त आणि माणसांची वर्दळ अधिक, तेथे तयार पेटीच अधिक सुरक्षित.

गोव्यातील खरेदीदाराने चोर्ला घाट ओलांडण्यापूर्वी कागदपत्रे पाहावीत. मालाचे मूल्य ५० हजार रुपयांहून अधिक असल्यास आंतरराज्य वाहतुकीसाठी ई-वे बिल लागते. जीएसटीच्या कंपोझिशन योजनेतील फॅब्रिकेटरला आंतरराज्य विक्री करता येत नाही आणि त्याच्याकडील खरेदीवर कराची वजावट मिळत नाही. वाहतुकीत पेटी चाकांवर उभी न ठेवता लाकडी चौकटीवर टेकवून दोरांनी बांधावी.

पैसे देण्यापूर्वी चार गोष्टी करून पाहाव्यात : सर्वांत खालचा खण अपेक्षित वजनाने भरून दहा वेळा उघडावा, दुसरा खण सोबत उघडतो का ते पाहावे, ब्रेक लावून पेटी ढकलावी आणि भरलेली पेटी फरशीच्या सांध्यावरून नेऊन पाहावी. या कसोट्यांत उतरलेली पेटी कोणत्याही रंगाची घेतली तरी चालेल.