सर्पगंधेची मुळी

भीमाशंकरच्या कड्याखाली कर्जत तालुक्यातला खांडस-कशेळे पट्टा, आणि दक्षिणेला बोरघाटाच्या पायथ्याशी खालापूर. सह्याद्रीच्या अशा दमट, सावलीच्या रानांत सर्पगंधा वाढते. हरकी, अडकई ही तिचीच नावं. साप चावला, झोप उडाली, माणूस भ्रमिष्ट झाला की वैदू तिची मुळी देत. रक्तदाब मोजायचं यंत्र त्यांच्याकडे नव्हतं.

यंत्र असलेल्यांकडे तरी काय होतं? अळणी जेवण, नाहीतर मज्जातंतू कापणारी शस्त्रक्रिया. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा दाब मार्च १९४४ मध्ये १८६/१०८ होता. १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूत रक्तस्राव झाला तेव्हा तो ३००/१९० वर गेला होता. उत्तमोत्तम डॉक्टर हाताशी असून भरवशाचं औषध एकही नव्हतं.

भारतात मात्र वाट सापडली होती. १९३१ मध्ये कलकत्त्याच्या सेन आणि बोस यांनी या मुळीने दाब उतरतो, हे लिहून ठेवलं. १९३४ मध्ये तिची ‘सर्पिना’ ही गोळी आली. मग मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रुग्णांना मुळीचं औषध देऊन, नोंदी ठेवून, १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये निष्कर्ष छापले. जगाने दखल घेतली ती तेव्हा. १९५२ मध्ये बाझेलच्या सिबा कंपनीत मुळीतून रेसर्पिन हे द्रव्य वेगळं काढलं गेलं. १९५७ मध्ये वकिलांना लास्कर पुरस्कार मिळाला.

रेसर्पिनचा मोठा गुण म्हणजे त्याचा संथपणा. मज्जातंतूंच्या टोकांशी साठलेलं, रक्तवाहिन्या आवळणारं रसायन ते हळूहळू रितं करतं. परिणाम दिसायला दिवस, कधी आठवडे लागतात, पण गोळी थांबवल्यावरही तो काही काळ टिकतो. चढ चढताना, रागावताना, चिंतेत दाब वरखाली होतच असतो. पण सततचा चढा दाब हृदय आणि मेंदूच्या रक्तवाहिन्या झिजवतो, म्हणून असा टिकणारा परिणाम मोलाचा. मात्र औषधाच्या जास्त मात्रेत काहींना खोल औदासीन्य येई, म्हणून मात्रा पुढे कमी झाली.

१९६७ मध्ये अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांतला अभ्यास प्रसिद्ध झाला. खालचा दाब ११५ ते १२९ असलेले १४३ पुरुष. काहींना रेसर्पिनसह तीन औषधं, बाकीच्यांना औषध नसलेल्या गोळ्या. पक्षाघात, हृदय निकामी होणं, मृत्यू यांचं प्रमाण औषध घेणाऱ्यांत स्पष्टपणे घटलं.

मागणीची झळ रानाला बसली, कारण मुळी उपटली की झुडूपच जातं. १९९० मध्ये सर्पगंधेच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले. नव्या गोळ्यांपुढे रेसर्पिन मागे पडलं. कशेळ्याच्या ‘अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स’ने मात्र आदिवासी वैदूंच्या वनौषधींवर काम चालवलं.