नाशिकची ट्राम आणि पाचोऱ्याची 'पीजे': रुळांखालच्या जमिनीचा इतिहास

१/ नाशिक रोड स्थानकात उतरून जुन्या नाशकात जायचे, तर आजही आठ-नऊ किलोमीटर अंतर कापावे लागते. याच अंतरावर एकेकाळी ट्राम धावत असे. तिचे डबे गेले, रूळ गेले आणि अखेरीस वाटही गेली. रेल्वे बंद पडल्यावर तिच्या जमिनीचे काय होते, या प्रश्नाचा इतिहास इथूनच पाहू.

२/ १८६५ मध्ये थळ घाटातील लोहमार्ग खुला झाला आणि मुंबई नाशिकला थेट जोडली गेली. पण ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे स्थानक गोदाकाठच्या वस्तीपासून बरेच दूर पडले. रामकुंड, काळाराम, पंचवटी या ओढीने येणाऱ्या यात्रेकरूंना उरलेला पल्ला टांग्याने किंवा पायी गाठावा लागे.

३/ ही उणीव भरून काढण्यासाठी १८८९ मध्ये ट्राम आली. मेन रोडवरील जुन्या नगरपालिका इमारतीपासून नाशिक रोडपर्यंत तिची धाव होती. सुरुवातीला दोन डबे आणि ते ओढणारे चार घोडे, एवढाच तिचा संसार. दुष्काळ आणि प्लेगच्या साथींनी तिचे उत्पन्न खचत गेले आणि १९३० च्या दशकाच्या प्रारंभी ती कायमची थांबली.

४/ गरज मात्र थांबली नाही. २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिकच्या मेट्रो प्रकल्पासाठी २,०९२ कोटी रुपयांची तरतूद जाहीर झाली. त्या आराखड्यातील एक मार्गिका गंगापूर ते नाशिक रोड अशी होती. ज्या स्थानकाकडे शतकापूर्वी घोडे ट्राम ओढत होते, त्याच स्थानकाकडे जाण्यासाठी आता खांबांवरून उन्नत मार्ग आखावा लागला.

५/ रेल्वेची जमीन इतर जमिनीसारखी नसते. तिचे मोल क्षेत्रफळात कमी आणि सलगपणात अधिक असते. गावोगावच्या शेकडो मालकांकडून पट्टी-पट्टी घेऊन, भराव घालून, नाल्यांवर मोऱ्या आणि पूल बांधून, चढ सौम्य राखून एक अखंड रेषा तयार होते. मधला एक तुकडा जरी गेला, तरी उरलेल्या रेषेचा अर्थ हरवतो. ती पुन्हा जोडणे जवळजवळ अशक्य असते.

६/ हे मोल नाशिक विभागातच, जळगाव जिल्ह्यातील लोकांनी ओळखले. मुंबई–भुसावळ मुख्य मार्गावरील पाचोऱ्याहून जामनेरला जाणारी अरुंदमापी गाडी पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस सुरू झाली. ७६२ मिलिमीटर रुंदीचे रूळ, सुमारे ५६ किलोमीटरचा प्रवास, वाटेत वरखेडी, शेंदुर्णी, पहूर. खानदेशाने तिला लाडके नाव दिले: 'पीजे'.

७/ पीजे वेगवान कधीच नव्हती. ती स्वस्त होती. बाजाराला निघालेला शेतकरी, शाळा-महाविद्यालयाची मुले, शेंदुर्णीच्या त्रिविक्रमाच्या दर्शनाला जाणारे भाविक यांना तिचे भाडे परवडत असे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीमुळे देशभरच्या प्रवासी गाड्या थांबल्या. पुढे मुख्य मार्गावरील गाड्या परतल्या, पीजे परतली नाही.

८/ तोट्यातील छोटा मार्ग शांतपणे विसरला जाण्याचा हाच क्षण असतो. पाचोरा-जामनेर परिसरातील रहिवाशांनी तो तसा जाऊ दिला नाही. कृती समिती उभी राहिली. निवेदने दिली गेली, आंदोलने झाली. पुढे हा मार्ग रुंदमापी करून बोदवडपर्यंत नेण्याचा, सुमारे ८४ किलोमीटरचा प्रकल्प मंजूर झाला.

९/ विदर्भातील 'शकुंतला'ची कथाही याच जातीची. यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर हा सुमारे १९० किलोमीटरचा मार्ग वऱ्हाडच्या कापसासाठी घातला गेला. १९२१ मध्ये मँचेस्टरला बांधलेले त्याचे वाफेचे इंजिन १५ एप्रिल १९९४ पर्यंत राबले. गाड्या थांबल्यावर तेथील रहिवाशांनीही मार्ग वाचवण्यासाठी सत्याग्रहाची वाट धरली.

१०/ जगात अन्यत्र अशा मागण्यांना वेगळी फळे आली. शिकागोजवळच्या एका बंद रेल्वेमार्गावर पायवाट व्हावी, असे पत्र मे थाइलगार्ड वॉट्स या निसर्गअभ्यासक स्त्रीने १९६३ मध्ये वृत्तपत्राला लिहिले. त्यातून 'इलिनॉय प्रेअरी पाथ' जन्मली. १९८३ मध्ये अमेरिकेने कायदाच केला: बंद मार्गावर लोकांनी चालावे, सायकल चालवावी, भविष्यात गरज पडल्यास तिथे पुन्हा रूळ टाकता यावेत.

११/ सिंगापूरमध्ये ३० जून २०११ रोजी मलेशियाकडे जाणारी जुनी रेल्वे थांबली. २४ किलोमीटरची ती पट्टी विकासकांच्या हाती तुकड्यातुकड्यांनी जाऊ नये, यासाठी निसर्गप्रेमी नागरिक आदल्या वर्षापासूनच प्रस्ताव मांडत होते. ती सलग राहिली. भारतात रेल्वेच्या अतिरिक्त जमिनीसाठी २००६ मध्ये रेल भूमी विकास प्राधिकरण स्थापन झाले. त्याचे मुख्य काम त्या जमिनीचा व्यावसायिक विकास हे आहे.

१२/ फरकही लक्षात घ्यायला हवा. शिकागोच्या उपनगरांना चालण्यासाठी वाट हवी होती. जामनेरच्या विद्यार्थ्याला गाडी हवी होती. शिवाय रुंदमाप आले की पीजेचे छोटे रूळ, छोटे डबे आणि तिची संथ चाल इतिहासजमा होणार. वारसा आणि सोय यांपैकी तेथील लोकांनी सोय निवडली. ज्यांना रोज प्रवास करायचा आहे, त्यांचा तो अधिकारच आहे.

१३/ तरीही दोन्हीकडची मागणी मुळात एकच: ही रेषा तोडू नका. तिच्यावर उद्या गाडी धावेल, सायकल जाईल की नुसती सावली असेल, हे पुढची पिढी ठरवू शकते. मात्र ठरवण्यासाठी रेषा शिल्लक हवी. पाचोऱ्यात ती शिल्लक आहे. नाशिकच्या ट्रामची आज केवळ आठवण उरली आहे.